विसाव्याची भटकंती

पाठीवर पाच-सहा किलोंची सॅक, डोंगराच्या पायथ्याच्या गावात एक रात्र मुक्काम आणि दोन दिवसांत मिळून सात-आठ तासांची चाल, एवढ्यात बसणाऱ्या भटकंतीला साहस म्हणता येत नाही आणि सहलही म्हणता येत नाही. गाडीतून उतरून फोटो काढून परतणाऱ्यापेक्षा ही भटकंती करणारा जास्त चालतो. पाठीवर तंबू-भांडी घेऊन आठवडाभर डोंगरात राहणाऱ्यापेक्षा बराच कमी. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना हा प्रकार विशेष मानवतो. या वयात रजा थोडी असते, घरी म्हाताऱ्या आईवडिलांची किंवा नातवंडांची जबाबदारी असते आणि गुडघे अधूनमधून आपले अस्तित्व जाणवून देतात. दोन दिवसांच्या भटकंतीत या सगळ्यांची सोय लागते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके त्यासाठी जणू बेतून दिल्यासारखे आहेत.

जुनी रीत

उतारवयात चालणे महाराष्ट्राला नवे नाही. आषाढी एकादशीसाठी आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे 250 किलोमीटरची वाट जवळपास तीन आठवड्यांत चालून पंढरपूरला पोहोचते. तिच्याबरोबर साठी-सत्तरीतले असंख्य वारकरी चालत असतात. त्यांना हे जमते त्याचे श्रेय भक्तीइतकेच वारीच्या आखणीलाही आहे. पहाटे निघायचे, ठरलेल्या ठिकाणी विसावा, दुपारी जेवण, पुन्हा विसावा आणि दिवस मावळण्याच्या सुमारास मुक्काम, असा दिवसाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. जड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जाते. खांद्यावर पडशी, हातात टाळ किंवा पताका. कमी ओझे, ठरलेले विसावे आणि मुक्कामाची खात्री या तीन गोष्टींवरच पन्नाशीनंतरची डोंगरभटकंतीही उभी राहते.

परदेशातही याचे एक गाजलेले उदाहरण आहे. अमेरिकेतील एमा गेटवुड यांनी 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरांहून लांब अशी अ‍ॅपलेशियन पायवाट एकटीने पूर्ण केली. त्यांच्या खांद्यावर घरी शिवलेली पिशवी होती आणि पायात साधे कापडी बूट. तंबूऐवजी त्यांनी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा बरोबर घेतला होता. एवढे अंतर चालण्याची गरज कोणालाच नाही. पण चालणे सुसह्य होते ते ओझे कमी ठेवल्याने, महागड्या सामानाने नव्हे, हे त्यांच्या पिशवीवरून कळते.

लोणीपासून घाटमाथ्यापर्यंत

आंबेगावच्या पूर्वेला लोणी-धामणीचा पट्टा कमी पावसाचा. माळरान, बाजरी-ज्वारी, खंडोबाचे ठाणे आणि पाण्याची कायमची ओढ. तेथून पश्चिमेकडे निघाले की मंचर-नारायणगावच्या आसपास ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे दिसू लागतात. घोडेगाव किंवा जुन्नर मागे पडले की धरणांचे फुगवटे येतात आणि त्यांच्यापलीकडे भाताची खाचरे, नाचणी-वरईचे उतार आणि हिरड्याची झाडे. शेवटी आहुपे, घाटघर, नाणेघाट या ठिकाणी जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण दिसते. हा सारा बदल एका दिवसाच्या एसटी प्रवासात पाहता येतो.

भटक्याच्या दृष्टीने या भागाची खरी सोय वेगळी आहे. येथे प्रत्येक डोंगराच्या पायथ्याला वस्ती आहे. चावंडखाली चावंडवाडी, हडसरखाली हडसर, जीवधनखाली घाटघर, हरिश्चंद्रगडाच्या जुन्नरकडील वाटेवर खिरेश्वर. पाणी, जेवण, वाटाड्या आणि अडल्यानडल्याला माणूस तासा-दीड तासाच्या अंतरावर सापडतो. राज्य सरकारने 2018 मध्ये जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत शिवनेरीचाही समावेश आहे.

शरीराचा हिशेब

तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर या घटीचा वेग वाढतो. दम पूर्वीइतका टिकत नाही, तोल सावरायला क्षणभर जास्त लागतो, अंधुक उजेडात पायरी नीट दिसत नाही आणि तहान उशिरा जाणवते. यातले काही थांबवता येत नसले तरी बरेच लांबवता येते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते आणि 65 वर्षांपुढच्या व्यक्तींना त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करायला सांगते. भटकंतीची तयारीही याच स्वरूपाची असते. दीड-दोन महिने रोज 40-45 मिनिटे भरभर चालावे, आठवड्यातून दोनदा जिने किंवा टेकडी चढावी आणि शेवटच्या दोन आठवड्यांत तीच टेकडी भरलेली सॅक घेऊन चढावी.

चढताना छाती बोलते आणि उतरताना गुडघे. चढाचा त्रास थांबल्यावर मिनिटाभरात ओसरतो. उताराचा दुसऱ्या दिवशी कळतो, कारण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार पेलत असतात. म्हणून उतरताना पावले आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि काठी वापरावी. दोन ट्रेकिंग पोल असले तर काही भार हातांवर जातो आणि तोलही सांभाळतो. गावात मिळणारी बांबूची काठीही तेच काम करते.

चालण्याचा योग्य वेग ओळखण्याची खूण सोपी आहे. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते आणि उन्हात शरीरातले पाणी लवकर कमी होते. काहींनी नाडीचा वेग दाबला जातो, त्यामुळे नाडी मोजून श्रमाचा अंदाज येत नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांबच्या चालीत अचानक खाली येऊ शकते. ग्लुकोज त्यांच्या खिशातच हवे. सॅकच्या तळाशी असलेले ऐनवेळी हाती लागत नाही. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घेरी यांपैकी काहीही जाणवले तर चाल तेथेच थांबवून वैद्यकीय मदत मागवावी.

सॅकेत काय, काय नाही

तरुणपणी पाठीवर शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाइतके ओझे चालते. पन्नाशीनंतर दहावा भाग ही मर्यादा धरावी. साठ किलोंच्या माणसाने सहा किलोंवर जाऊ नये. त्यातले दोन किलो पाणीच असते. उरलेल्यात पातळ स्लीपिंग बॅग किंवा चादर-शाल, एक जादा कपड्यांचा जोड, दोन जोड मोजे, पावसाळी जाकीट, हेडटॉर्च, औषधे, क्रेप बँडेज, शिटी, ताट-पेला आणि खाणे. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा कानटोपी आणि स्वेटर वाढतात. मुक्काम गावात असल्यामुळे तंबू, स्टोव्ह आणि भांडी घरीच राहतात. सगळ्यांत मोठी बचत तीच.

खाण्यासाठी दशम्या, धपाटे, गूळ-शेंगदाणे, खजूर आणि लिंबू पुरेसे होतात. दर तासाला थोडे खावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावे. नुसते पाणी पुष्कळ पिण्यापेक्षा मधूनमधून मीठ-साखरेचे किंवा जलसंजीवनीचे पाणी चांगले. बूट नवे घालून निघू नये. उतारात बोटे पुढे सरकतात म्हणून ते अर्धा माप मोठे असावेत, आणि तळाला खोल खाचा हव्यात, कारण सह्याद्रीच्या कातळावर झिजलेला तळ घसरतो.

वेळेचे गणित

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला एक आडाखा आजही वापरात आहे. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. पन्नाशीपुढच्यांनी या उत्तराची दीडपट करावी आणि विसावे वेगळे मोजावेत. समजा आठ किलोमीटर वाट आणि 450 मीटर चढ आहे. आडाख्याने सुमारे दोन तास वीस मिनिटे येतात. दीडपटीने साडेतीन तास. विसावे धरून साडेचार. सकाळी सहाला निघाले तर साडेदहाला, ऊन तापण्याच्या सुमारास, चाल संपते. दुपारी किती वाजता परत फिरायचे हेही निघण्यापूर्वी ठरवावे आणि माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी ती वेळ पाळावी.

सोप्याकडून अवघडाकडे

पहिली भटकंती शिवनेरी आणि लेण्याद्रीची असावी. दोन्ही ठिकाणे जुन्नर शहरालगत आहेत. शिवनेरीला गाडीरस्ता बराच वर जातो आणि पुढे सात दरवाजांतून पायऱ्यांची वाट आहे. शिवाई देवीचे मंदिर, शिवजन्मस्थान, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव आणि कडेलोटाचे टोक पाहत अर्धा दिवस सहज जातो. साखळदंडाची वाट मात्र उभ्या कातळातली आहे, ती या टप्प्यावर टाळावी. दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या. सुमारे 30 बौद्ध लेण्यांच्या या समूहातील एका लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. या दोन चढांवर गुडघे कसे वागतात ते पाहून पुढचा बेत करता येतो.

दुसरी भटकंती चावंड, कुकडेश्वर आणि नाणेघाट यांची. 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातील गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, त्यात चावंडच्या पायऱ्याही गेल्या. आता अवघड जागी लोखंडी कठडे असल्यामुळे चावंडवाडीतून तासाभरात गड चढता येतो. वर कातळात एकमेकांना लागून खोदलेली सात टाकी आणि चामुंडा देवीचे देऊळ आहे. खाली पूर गावात कुकडी नदीच्या उगमाशी कुकडेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आहे. घाटघरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी नाणेघाट पाहावा. सातवाहन काळात कोकणातील बंदरे आणि जुन्नर यांच्यामधला व्यापार या घाटाने चाले. घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात केलेले यज्ञ आणि दिलेली दाने नोंदवली आहेत आणि भारतातल्या प्राचीन अंकचिन्हांचा तो एक महत्त्वाचा पुरावा मानला जातो. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज त्यांची कोरलेली नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा होता असे परंपरा सांगते. माथ्यावर गाडी येत असल्याने लेण्यापर्यंत उतरून परत येणे एवढीच चाल पडते. ज्यांना जास्त चालायचे आहे त्यांनी मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडून अडीच-तीन तासांत घाट चढून यावा.

तिसरी आहुपे आणि भीमाशंकरची. घोडेगावाहून डिंभे धरणाच्या जलाशयाच्या काठाने आहुप्याला रस्ता जातो. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. ते आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचे. आहुप्याच्या कड्यावरून समोर गोरखगड, मच्छिंद्रगड आणि सिद्धगडाचे सुळके दिसतात. गावाची देवराई हे शांतपणे तासभर बसण्याचे ठिकाण. पुढे भीमाशंकर अभयारण्याचे रान लागते. 1985 मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्यात राज्यप्राणी शेकरू झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून राहते. पावसाळ्यात ओल्या काटक्यांवरची एक बुरशी येथे रात्री हिरवट उजेड देते. रानवाटांना फाटे फार असल्यामुळे स्थानिक वाटाड्या आणि वनखात्याची परवानगी या दोन्ही गोष्टी हव्यातच.

या तिन्ही भटकंत्या सुखरूप झाल्या की हडसर आणि निमगिरी-हनुमंतगड ही जोडी घेता येते. हडसरचे कातळात कोरलेले पायरीमार्ग आणि एकाच अखंड खडकातून कोरलेले दरवाजे पाहण्यासारखे आहेत. त्याच्याही पुढचा टप्पा म्हणजे 1424 मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड. खिरेश्वराहून टोलार खिंडीमार्गे तो चार-पाच तास घेतो आणि खिंडीच्या वर कठडे लावलेला कातळ आहे. अकोले तालुक्यातल्या पाचनईकडून तोच गड निम्म्या वेळात होतो, म्हणून पन्नाशीपुढच्यांना ती वाट बरी. जीवधनच्या तुटलेल्या पायऱ्यांचा कातळटप्पा दोर आणि जाणकार यांच्याशिवाय करू नये. घाटघरच्या पठारावरून त्याचा वानरलिंगी सुळका पाहणे यातही सकाळ चांगली जाते.

मुक्काम

शिवनेरी, लेण्याद्री यांसारख्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित ठिकाणी सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, तेव्हा मुक्काम गावातच होतो. पश्चिमेकडील बहुतेक वस्त्या महादेव कोळी समाजाच्या आहेत. अनेक घरी भटक्यांची राहण्या-जेवण्याची सोय होते. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा, कधी जुन्नरकडची मासवडी. आदल्या दिवशी फोन करून किती माणसे येणार, कोणाला तिखट चालत नाही, कोणाला जमिनीवर बसता येत नाही हे सांगितले की यजमान खुर्ची-खाटेची तजवीज करून ठेवतात. पैसे आधी ठरवावेत आणि घासाघीस करू नये. भातशेती पावसाळ्यापुरती आणि हिरड्याचा हंगाम थोड्या दिवसांचा, त्यामुळे या घरांना पाहुण्यांचे उत्पन्न उपयोगी पडते. वाटाड्याला वेग ठरवू देऊ नये. तो रोजचा चालणारा असतो. सर्वांत हळू चालणारा माणूस पुढे ठेवावा आणि वाटाड्याने त्याच्याबरोबर चालावे. कचरा सॅकेतून परत न्यावा.

ऋतू आणि धोके

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सप्टेंबरअखेरीस पठारांवर रानफुले असतात, पण कातळ अजून निसरडा असतो. मार्च ते मे या काळात चाल सकाळी नऊ-दहाच्या आत संपवावी. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, वाटा शेवाळतात आणि ओढे तासाभरात चढतात. 30 जुलै 2014 रोजी आंबेगावमधील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. तीव्र पावसाचा इशारा असताना या उतारांवर जाऊ नये हा धडा स्थानिकांनी फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

लेणी आणि कडे यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात न झटकता डोके-तोंड झाकून लांब जावे. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्रही आहे. अंधार पडल्यावर शेताच्या कडेने एकट्याने चालू नये, टॉर्च चालू ठेवावा, बोलत चालावे आणि उघड्यावर वाकून बसू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर आपत्तीत 112 हे क्रमांक चालतात, पण घाटमाथ्यावर रेंज जाते. म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी आणि पायथ्याच्या यजमानांना सांगून निघावे.

सोबत आणि खर्च

चार ते सहा जणांचा गट सर्वांत सोयीचा. एकाचा पाय मुरगळला तर एक जवळ थांबतो, दोघे मदतीला जातात. गटात सगळे एकाच दमाचे नसतात, म्हणून मधल्या एखाद्या विसाव्याला थांबून राहण्याची मुभा प्रत्येकाला असावी. नवरा-बायकोपैकी एकाला गड चढायचा असेल आणि दुसऱ्याला देवराईत बसायचे असेल, तरी मुक्काम एकच राहतो.

खर्चही फार येत नाही. एसटीत 65 वर्षांवरील प्रवाशांना निम्मे भाडे पडते. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून आणि महिलांना मार्च 2023 पासून अनुक्रमे मोफत प्रवास व निम्म्या भाड्याची सवलत आहे. नारायणगाव, मंचर, जुन्नर आणि घोडेगाव येथून आतल्या गावांना गाड्या जातात. संध्याकाळी गावात येऊन सकाळी परत फिरणारी मुक्कामी गाडी भटक्यांच्या वेळेशी चांगली जुळते. मात्र आगारात आदल्या दिवशी चौकशी करावी, कारण शाळांच्या सुट्ट्यांत आणि पावसाळ्यात वेळापत्रक बदलते.

परतल्यावर एक दिवस हलके चालणे आणि पोटऱ्या-मांड्यांचे ताण एवढे पुरते. चौथ्या दिवशीही गुडघा दुखत किंवा सुजलेला असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि पुढचा बेत एक पायरी खाली आणावा. वर्षातून एकदाच मोठा ट्रेक करण्यापेक्षा दीड-दोन महिन्यांतून एकदा अशी दोन दिवसांची भटकंती शरीराला जास्त मानवते, कारण मधल्या काळात कमावलेला दम निसटत नाही. सॅकेतले काय वापरले आणि काय उगीच वाहिले याची नोंद घरी येताच करून ठेवली, तर पुढच्या वेळी ती आणखी अर्धा किलो हलकी होते.